साखरेच्या पाकातले सात खून

४ फेब्रुवारी

चि. उंदरे, आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. बुटकी, पांढऱ्या केसांची, तिसऱ्या मजल्यावर राहणारी. आठवतेय का बघ. नसेल आठवत तर कपाटात एक निळा स्वेटर शोध, ज्याची डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे. तो जिने विणला तीच ती. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा माझ्या तोंडात अकरा दात होते. आज एकही नाही. किती दिवस झाले ते तूच मोज.

नवे दात बसायला दोन महिने आहेत. तोवर मी बोलते त्यातलं अर्धं लोकांना कळतं आणि उरलेलं ते मनाने भरतात. लिहिणारे आपले नेहमीचेच, तळमजल्यावरचे कंपाउंडर भाऊजी. त्यांना कागद वाया गेलेला खपत नाही, म्हणून अक्षर मुंगीएवढं आहे. (हे वहिनींनी सांगितले म्हणून लिहिले. अक्षर पहिल्यापासूनच बारीक आहे. – लेखनिक)

तुझं पुस्तक मिळालं. आधी हातात घेऊन वजन केलं, मग वास घेतला. लहानपणी तू कागद खायचीस म्हणून तुला उंदरी नाव पडलं. तेव्हा खाल्लेला सगळा कागद आता बाहेर काढते आहेस असं दिसतं. भाऊजी रोज चार वाजता चहाला येतात आणि वाचतात, मी विणत ऐकते. नऊ दिवसांत पुस्तक संपलं.

आता माझं मत. राग आला तर पाणी पी. सुरुवात झकास आहे. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस घरोघर जातो. तो गेला की त्या घरात गजर वाजतो, आणि त्या घरातला माणूस बहिणीकडे राहायला जातो. बरं. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरी ती शाळेतली बाई, तीही बहिणीकडे. सात माणसं सात बहिणींकडे गेली. यात गुन्हा कुठे झाला? इन्स्पेक्टरला घाम फुटतो, सारं शहर कड्या लावून बसतं, वर्तमानपत्रं बोंब मारतात, ती कशापायी? आणि शेवटी त्या घड्याळवाल्याला बेड्या! भावाबहिणींच्या भेटी घडवून आणल्या म्हणून? मला बाई त्याची कीवच आली.

भाऊजींना विचारलं तर 'उत्तम आहे, अगदी उत्तम,' म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

तिकडे वाचणाऱ्यांना कसं वाटलं ते कळव. खरं कळव. आणि दुसरं पुस्तक लिहायला घेतलंस ना, त्यात तरी काहीतरी घडू दे.

पाठवायचंच झालं तर मऊ केक पाठव, कडा कापून. हिरड्यांना कडा लागतात.

तुझी,
आजी

*

१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

नमस्कार. स्वेटर कपाटात नाही, अंगात आहे. डावी बाही दुमडून घालते.

आजी, बहिणीकडे कोण गेलं? माझ्या पुस्तकात एकही बहीण नाही. 'सातवा गजर' ही एकामागून एक खून करणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. घड्याळवाला येतो, किल्ली देतो, गजर लावतो, आणि गजर वाजतो तेव्हा त्या घरातला माणूस मेलेला असतो. सात वेळा. सातव्यांदा इन्स्पेक्टर त्याला पकडतो. तू दुसऱ्याच कुणाचं पुस्तक ऐकलंस का? की चहा पिता पिता झोपलीस?

लोकांना पुस्तक आवडलंय. छान चाललंय सगळं. आमच्या चष्म्याच्या दुकानात सध्या गर्दी आहे, उभ्याउभ्याच लिहिते आहे. केक पाठवते. कडा मीच खाल्ल्या.

तुझी,
उंदरी

*

२१ फेब्रुवारी

चि. मुलीस आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतःच्या वतीने लिहीत आहे. वहिनींना याची कल्पना नाही.

तुझे पत्र मी त्यांना वाचून दाखवले, म्हणजे जेवढे वाचण्याजोगे होते तेवढे. सात माणसांना बहिणीकडे पाठवणारा मीच. तेहतीस वर्षे दवाखान्याच्या खिडकीमागे बसून कडू औषधात साखरेचा पाक घालून बाटल्या भरल्या. औषध कडू म्हणून मोरीत ओतून देणारे रोगी मी फार पाहिले. हाताला तीच सवय. तुझ्या आजीचा रक्तदाब तुला ठाऊक आहे. वर तीन खोल्यांत त्या एकट्या, आणि त्यांच्या उशाशीही गजराचेच घड्याळ. पहिल्या खुनाच्या पानाशी आलो आणि जीभ उचलेना. मला एक बहीण आहे, ती आठवली. म्हणून त्या गृहस्थाला बहिणीकडे पोचवले. पुढे तेच सोपे पडत गेले. खरे सांगायचे तर सातव्यापर्यंत मलाही बरे वाटू लागले होते.

तुझ्या प्रश्नाच्या जागी मी असे वाचले की 'आजी, ती माणसे पुढच्या पुस्तकात परत येतील.' वहिनी 'हो का!' एवढेच म्हणाल्या आणि विणत राहिल्या. आता तू मला उघडे पाडू नकोस.

माझे स्वतःचे मत विचारशील तर पुस्तक भयंकर आहे. तीन दिवस मी घड्याळाला किल्ली दिली नाही. ही स्तुती समजावी.

तुझा,
कंपाउंडरकाका

*

६ मार्च

कंपाउंडरकाका,

एक विनंती आहे. पाकिटात आजीसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे, हसरी आणि चार ओळींची. ती तिला वाचून दाखवा. हे पत्र तुमच्यापुरतं. आजीला सांगू नका.

तुम्ही पाक घातलात याचा मला राग नाही. उलट थोडा पाक मलाही हवा आहे. दुकानासमोरच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवतात. वाचणाऱ्याने परत देताना त्यावर मत लिहायचं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन माझ्या पुस्तकाचा कागद वाचते. कुणी लिहिलंय, 'खुर्चीतून उठवलं नाही.' त्याखाली दुसऱ्या शाईत, 'खुनी चाळिसाव्या पानावर ओळखला, उरलेलं पुस्तक शिष्टाचार म्हणून वाचलं.' एकाला रक्त फार वाटलं, दुसऱ्याला कमी. एकीला घड्याळवाल्याचे हात वाचून अंगावर काटा आला. एकाने लिहिलंय, 'खुन्याची चिठ्ठी इन्स्पेक्टरला कचऱ्यात सापडते, म्हणून खुनी सापडतो. कचरा वेळेवर उचलला असता तर इन्स्पेक्टर तसाच निवृत्त झाला असता.' यावर मला हसू आलं, कारण ते खरं आहे.

पण सर्वांत खाली एकाने बारीक पेन्सिलीने लिहिलंय, 'जिला मेलेल्या माणसांबद्दल काही वाटत नाही, तिने माणसांबद्दल लिहू नये.'

काका, वीस चांगली मतं मी विसरले. हे एक विसरत नाही. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर भिंग धरते तेव्हाही तेच दिसतं. दुसऱ्या पुस्तकाचं काय ते प्रकाशकांना एप्रिलअखेरपर्यंत कळवायचं आहे. मी 'नाही' असं लिहून ठेवलंय, पाकिटात घालायचं तेवढं उरलंय. लिहिलेली नव्वद पानं दुकानाच्या मागच्या खोलीत एका खोक्यात टाकली आहेत, रद्दी नेतील तेव्हा जातील. आजीने विचारलं तर लिहिणं जोरात चाललंय म्हणा. तुम्हाला जमतं ते.

तुमची,
उंदरी

*

२ एप्रिल

चि. उंदरे, आशीर्वाद.

हे अक्षर मोठं आणि ठसठशीत दिसलं असेल. भाऊजी चार दिवस बहिणीकडे गेलेत. घाबरू नकोस, खरोखरच गेलेत, कुणी घड्याळ ठेवून गेलेलं नाही. लिहिते आहे ती शेजारची टेलरबाई. तिला मी म्हटलं, मी सांगेन तेच लिहायचं. ती म्हणाली, 'आजी, मी मापात फरक करत नाही.' बाई कामाची आहे.

नवे दात बसले. तोंडात कुणीतरी पाहुणा उतरल्यासारखं वाटतं, पण चावतात.

भाऊजी नाहीत हे पाहून मी तुझं पुस्तक तिच्या हाती दिलं. पहिल्या पानापासून वाच, म्हटलं. ती सगळं वाचते. पानाचा आकडा वाचते, छापखान्याचा पत्ता वाचते. पहिलाच माणूस मेला आणि ही त्याच आवाजात पुढे, छाती छत्तीस, कंबर बत्तीस म्हणावं तशी. तीन दिवसांत सात मुडदे पडले. माझा रक्तदाब जागच्या जागी आहे, कळावे.

आणि पान एकशे बारावर, आवाज न बदलता, तिने वाचलं, 'कंपाउंडरकाका, एक विनंती आहे.' मी म्हटलं, अगं, हा खुनी कंपाउंडरला कशाला पत्र लिहितो? पुढच्या ओळीला 'आजीला सांगू नका' आलं, तेव्हा उमगलं की ही भानगड पुस्तकातली नाही. भाऊजी मध्यंतरी पुस्तक एकट्याने परत वाचायला खाली घेऊन गेले होते, तेव्हा तुझं पत्र खूण म्हणून त्यात घातलं आणि विसरले. टेलरबाई थांबली. 'पुढचं वाचू का?' म्हणाली. मी म्हटलं, तू कापड अर्धं कापून ठेवतेस का? वाच.

तर तुझं सगळं मला कळलं आहे. आता माझं ऐक.

भाऊजी पाक घालतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कसं ते सांगते, तुझ्या इन्स्पेक्टरला उपयोग होईल. भाऊजींना चष्म्याशिवाय स्वतःचा अंगठा दिसत नाही. वाचतात तेव्हा चष्मा नाकावर असतो आणि बोट ओळीवरून सरकतं. पहिला गजर वाजला आणि चष्मा कपाळावर गेला, नजर खिडकीबाहेर गेली. मग हा माणूस वाचतोय कुठून? दुसरं म्हणजे माझं विणणं. भाऊजींच्या एका पानाला माझ्या तीन ओळी होतात, इतकी वर्षं होत आल्या आहेत. गजराच्या जागी त्यांनी पाच-सहा पानं उलटली आणि माझ्या हातात चार ओळी. उरलेल्या कुठे गेल्या? आणि तिसरं, सातही जणांना बहीणच? एखाद्याला मावशी नको, मेव्हणा नको? ज्याला स्वतःला एकच बहीण आहे त्यालाच असं सुचतं.

तुला बहिणींचं ते पत्र धाडलं ना, ते मुद्दाम भाऊजींच्याच हातून लिहून घेतलं. लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते. मग मी गप्प का बसले? म्हटलं, बघू तरी माझी नात मला खरं लिहिते का. तर तूही पाकवालीच निघालीस.

आता एक गोष्ट, जी मी कधी कुणाला सांगितली नाही. तुझे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा तपासणीचे कागद यायचे, आणि मला अक्षर येत नाही म्हणून ते भाऊजी वाचून दाखवायचे. एके दिवशी तीन पानी कागद आला. भाऊजी म्हणाले, 'सुधारणा आहे, वहिनी.' चष्मा कपाळावर, आणि माझी एक ओळही पुरी झाली नव्हती. मला तिथेच कळलं. पण तुझ्या आजोबांना वाटत होतं मला माहीत नाही, आणि त्यांना सगळ्यांनी बजावलं होतं, तिला कळू देऊ नका. मग आम्ही दोघं शेवटचे अकरा दिवस हवापाण्याच्या गप्पा मारत बसलो. आज ऊन बरं आहे म्हणायचे ते. हो, बरं आहे म्हणायचे मी. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी बोलायला ऊन. माझ्यावर माया होती म्हणूनच सगळ्यांनी केलं हे. पण ते अकरा दिवस मला कुणी परत देणार आहे का?

तेव्हा मला परत पाक पाजू नका. कुणीच.

आता तुझ्या पेन्सिलवाल्याचं. त्याचं म्हणणं अर्धं चूक आहे. तुला माणसांबद्दल वाटत नाही हे खोटं. तू सात वर्षांची असताना मेलेल्या चिमणीला बुटाच्या खोक्यात ठेवलंस आणि त्या खोक्याशेजारी जेवायला बसलीस. पण ते त्याला कसं माहीत असणार? तुझ्या पुस्तकात ते आहेच कुठे? तुझी सात माणसं पानावर येतात आणि मरतात. कुणाचं ताट वाढून ठेवलेलं नाही, कुणी दार वाजायची वाट बघत नाही. टेलरबाई म्हणते, 'आजी, यांचे कपडे नंतर कोण आवरतं?' बघ. तिला पुस्तक आवडलं, दोनदा दाराची कडी बघून आली, पण प्रश्न हा पडला.

भाऊजींच्या गोष्टीत खून नव्हता, ती पार बिनबुडाची होती. पण त्यांच्या गोष्टीत प्रत्येकाला एक बहीण होती. ती बहीण तू घे. खून तुझा आणि बहीण त्यांची, असं मिळून पुस्तक होईल बघ.

आणि चिठ्ठ्या कचऱ्यात सापडू देऊ नकोस. बघणाऱ्याला दिसतं, तेवढं पुरतं.

प्रकाशकांना 'नाही' कळवलंस का? कळवलं असशील तर 'आजीने विचारलंय' म्हणून परत जा. एप्रिल संपायला अजून अवकाश आहे. ती नव्वद पानं खोक्यातून काढ. आणि मला पत्र लिहिशील ते असं लिही, की कुणीही वाचलं तरी चालेल.

तुझी,
आजी

*

१९ एप्रिल

प्रिय आजी,

हे पत्र कुणीही वाचलं तरी चालेल. काका असतील तर काका, चष्मा नाकावर ठेवून वाचा.

तुझं पत्र दुकानात उभ्याने वाचलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा डोळ्यात काही गेलं म्हणाले. चष्म्याच्या दुकानात हे कुणालाही खरं वाटतं.

'नाही' कळवून झालं होतं. तुझं पत्र यायच्या चार दिवस आधी. मग खोकं उघडलं, तर नव्वदपैकी अडुसष्ट पानं. बाकीची मालकीणबाईंनी रद्दी समजून चष्मे गुंडाळायला वापरली होती. मी म्हटलं, संपलं, देवानेच निकाल लावला.

तर गेल्या आठवड्यात सोमवारी एक बसचालक दुकानात आले. नवा चष्मा नाकावर, हातात चुरगळलेला कागद. मला वाटलं तक्रार असणार. म्हणाले, 'चष्मा उत्तम आहे. पण ती बाई जिन्यात थांबली होती आणि वरून पाण्याचा आवाज येत होता. तिचं पुढे काय झालं?' आजी, ते माझं एकेचाळिसावं पान होतं. मी म्हटलं, पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या तरी चष्म्याला गेलं असेल. ते म्हणाले, 'मग लिहा ना परत. माझा गुरुवार मोकळा असतो.'

त्याच संध्याकाळी प्रकाशकांकडे गेले. 'आजीने विचारलंय' असं खरंच म्हणाले. ते हसले नाहीत. म्हणाले, 'तीन प्रकरणं आणा. आवडली तर बघू. वचन देत नाही.' जूनच्या शेवटापर्यंत मुदत आहे.

पहिलं प्रकरण सोबत पाठवते आहे. जुनी पानं तशीच सोडली, नव्याने सुरुवात केली. यात एक माणूस मरतो. त्याची बहीण समोरच्या घरात राहते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत दोन कप मांडते. हे लिहायला मला नऊ दिवस लागले. पहिल्या पुस्तकात एक खून मी एका दुपारी उरकत असे.

आणि यात इन्स्पेक्टर नाही. शोध लावते ती एक म्हातारी. तिला वाचता येत नाही, पण तिला विणताना कुणी खोटं बोललं तर कळतं. तुझी परवानगी न विचारता लिहिलं. नको म्हणालीस तर फाडते.

आजोबांचं तीनदा वाचलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मलाही सुधारणाच सांगितली होती. मलाही ते अकरा दिवस हवे होते, आजी.

तुझी,
उंदरी

*

३ मे

चि. उंदरे, आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? मुंग्या परत आल्या. भाऊजी समोर बसलेत, चष्मा नाकावर आहे, आणि टेलरबाई काज करत करत पानांवर लक्ष ठेवून आहे. (टेलरबाईंची गरज नव्हती. – लेखनिक) होती.

भाऊजी बहिणीकडून परतले त्या दिवशी मी चहा दिला आणि सांगितलं, भाऊजी, मला ते तीन पानी कागदाचं तेव्हाच कळलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, 'वहिनी, त्याने मला विचारलं होतं, तिला ठाऊक आहे का. मला खात्री नव्हती, तरी नाही म्हणालो. त्याला बरं वाटलं.' आता बोल. तुझ्या आजोबांनाही पाकच पाजला होता. मी म्हटलं, अहो, आम्हा दोघांना एकाच बाटलीतलं दिलंत की! मग आम्ही दोघं हसलो, आणि मग त्यांना चष्मा पुसावा लागला. (खरे आहे. – लेखनिक)

तुझं प्रकरण काल वाचलं. त्या माणसाच्या दाराशी आलं आणि भाऊजींचा चष्मा कपाळावर गेला. मी नुसत्या सुया थांबवल्या. चष्मा खाली आला. त्यांनी वाचलं, सगळं. तो कसा पडला ते, बहिणीने हाक मारली ते, दोन कप. आवाज मध्येच फुटला, पण बोट ओळीवरून उचललं नाही. ती दोन पानं झाली आणि मी माझं विणणं मोजलं. सहा ओळी. पुऱ्या.

आता मतं. भाऊजी म्हणतात, दुसरा कप बहिणीने तिसऱ्या दिवशी आवरायला नको होता, चार दिवस ठेवावा. टेलरबाई म्हणते, कपड्यांचं लिहिलंस ते बरं केलंस, पण कोटाला तीन गुंड्या लिहिल्यास आणि पुढच्या पानावर चार. मी म्हणते, म्हातारी चांगली आहे पण फार गोड आहे. शेजाऱ्यांना बघून हसते काय, पोराटोरांच्या डोक्यावरून हात फिरवते काय! मला परवानगी विचारतेस तर ऐक. तिला जीभ दे. तिला गुडघेदुखी दे. एखादा अंदाज तिचा साफ चुकू दे, आणि चुकल्यावर ती दुसऱ्यावर ढकलू दे. मग मला ओळखू येईल. फाडायचं नाव काढू नकोस.

प्रकाशक काय म्हणतील ते म्हणोत. 'नाही' म्हणाले तर तसं लिही. 'हो' म्हणाले तरी लिही. तो पेन्सिलवाला हेही पुस्तक वाचेल आणि परत काहीतरी लिहील. लिहू दे. त्याने मागचं शेवटपर्यंत वाचलं होतं, हे विसरू नकोस. न आवडलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा माणूस काहीतरी शोधत असतो. आणि त्या बसवाल्या गृहस्थांना गुरुवारी बेचाळिसावं पान तोंडी तरी सांगून टाक, माणूस जिन्यात अडकलाय.

सुट्टी मिळाली की ये. अकरा दिवसांची काढून ये. तुझ्या आजोबांबद्दल तुला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. त्यातलं सगळंच काही चांगलं नाही, पण सगळं खरं आहे. स्वेटर घेऊन ये, डाव्या बाहीचं बघते.

येताना अक्रोड आण, किंवा आधी पाठवून दे, दोन किलो. केक नको आता. आणि दुकानदार फोडून देतो म्हणाला तर नको म्हण. कवचासकटच हवेत. भाऊजींकडे जुना खलबत्ता आहे, आणि माझ्याकडे दात.

तुझी,
आजी